बाहेर पडल्याची वेळ

पाहायच्या ठिकाणांच्या यादीत शेवटचं नाव लँटर्न कॅन्यन या दरीचं होतं. फेय टॅकेटनं ती यादी फ्रिजच्या दारावर चिकटवली होती, आणि फेय वारल्यावरही सहा महिने ती काढायचा धीर घरात कुणाला झाला नाही. घरात म्हणजे तरी कोण, तर तिचा नवरा ऑरिन, वय बहात्तर, त्यातली चाळीस वर्षं तांब्याच्या खाणीत गेलेली. आणि दर रविवारी दोन तास गाडी हाकत येणारी मुलगी लिनेट. शेवटी ऑक्टोबरात लिनेटनं आठवड्याची रजा टाकली, यादी सोलून काढली आणि बापाला त्याच्याच पिकअप ट्रकमध्ये बसवलं. बसताना म्हातारा कुरकुरला, पण आदल्या रात्रीच त्यानं बुटांना तेल लावून ठेवलं होतं हे तिनं पाहिलं होतं.

आज पाचवा दिवस. नेवाडातला रस्ता मैलोन् मैल सरळ जातो, मग एक डोंगर ओलांडतो, की पुन्हा सरळ. सकाळी सातला त्यांनी रस्त्यालगतच्या कड्यावरची जुनी चित्रं पाहिली. शिंगवाले मेंढे, वर्तुळं, हात वर केलेली माणसं. ऑरिननं डोळे बारीक करून ती बराच वेळ न्याहाळली.

"हा खालचा मेंढा तुझ्या मावशीसारखा दिसतो," तो म्हणाला.

"डॅड!"

"बघ की. मानेपासून बघ."

पुढे एक पडकं खाणगाव लागलं. त्यात एकच दुकान जिवंत होतं. तिथे ऑरिननं सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या आणि चार सफरचंदं घेतली, आणि दुकानदार बाईशी पगार, युनियन आणि फुप्फुसं या विषयांवर वीस मिनिटं गप्पा ठोकल्या. लिनेट दारात उभी राहून घड्याळ बघत होती. संध्याकाळी साडेसहाला पुढच्या गावी तिनं टेबल राखून ठेवलं होतं. आज म्हाताऱ्याचा वाढदिवस होता, आणि टेबलाची गोष्ट त्याला सांगायची नव्हती.

लँटर्न कॅन्यनच्या तोंडाशी पोचायला नऊ वाजले. खडीचं मैदान, एक संडास, आणि पायवाट सुरू होते तिथे खांबावर एक पत्र्याची पेटी. पेटीत नोंदवही, दोरीला बांधलेली पेन्सिल. नाव, माणसं किती, आत जाण्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. रेंजर संध्याकाळी येऊन वही बघतो. ज्याचा शेवटचा रकाना कोरा, त्याला शोधायला माणसं निघतात.

लिनेटनं लिहिलं: टॅकेट, दोन, ९:२०. मग क्षणभर थांबून शेवटच्या रकान्यातही लिहून टाकलं: ४:१०.

असं पुष्कळ लोक करतात. परतताना पाय दुखून आलेले असतात, डोक्यात थंड बिअर असते, पेटीकडे कोण वळतंय? गेल्या वर्षी ती अशीच एका ठिकाणी लिहायला विसरली होती, आणि ती घरी झोपलेली असताना तिच्यासाठी सात माणसं डोंगर चढली होती. त्याची लाज तिला अजून वाटत होती. तेव्हा बाजारात तुरी असतानाच तिनं हिशेब मिटवून टाकला.

ऑरिन मागून वाचत होता.

"खोड ते."

"डॅड, चारला आपण बाहेर असणार. सव्वाचार म्हण."

"मग सव्वाचारला लिही." त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती. "बाहेर पडल्याशिवाय बाहेर लिहायचं नाही, लिनी."

पेन्सिलीच्या मागे रबर नव्हतं. तिनं तसं दाखवलं, हसली, पेटीचं झाकण लावलं.  ऑरिननं किल्ल्यांच्या जुडग्यातला पितळी बिल्ला एकदा अंगठ्यानं चाचपला, आणि किल्ल्या तिच्याकडे दिल्या. बिल्ला मात्र काढून स्वतःच्या खिशात ठेवला.

तो बिल्ला लिनेटनं जन्मापासून पाहिला होता. २१४ नंबर. खाणीत प्रत्येकाचे असे दोन बिल्ले असत, एक अंगावर, एक फळ्यावर. माणूस खाली गेला की फळ्यावरचा बिल्ला "आत"च्या खिळ्याला, वर आला की "बाहेर"च्या. कुणी खाली दगावला, तर त्याचे दोन्ही बिल्ले एकाच खिळ्याला लावत. खाण बंद पडली तेव्हा फळा बिल्ल्यांसकट भंगारात गेला, आणि ऑरिनकडे अंगावरचा तेवढा राहिला.

पहिला मैलभर ते कोरड्या ओढ्याच्या वाळूतून चालले. दोन्ही अंगांना तांबडे कडे वर चढत गेले. कॉटनवुडच्या झाडांची पानं पिवळी झाली होती आणि वारा नसतानाही सळसळत होती. ऑरिन मजेत होता. फेय इथे असती तर तिनं किती फोटो काढले असते आणि किती वेळा त्याला टोपी सरळ करायला लावली असती, ते तो बोटांवर मोजून सांगत होता. अकराच्या सुमाराला समोरून एक जोडपं उतरत आलं. दोघं साठीचे, हातात काठ्या.

"तुम्ही तर भलतेच काटक निघालात!" बाई ऑरिनला म्हणाली. "एकाच दिवसात दुसरी फेरी?"

"दुसरी कुठली?"

"पहाटे आम्ही आत शिरलो तेव्हा तुम्ही बाहेर निघाला होतात ना? आत्ता पुन्हा?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "हेच होते. हीच टोपी."

"माझी टोपी कुणी चोरून घालतंय की काय, बघतो," ऑरिन म्हणाला. सगळे हसले आणि जोडपं निघून गेलं. लिनेटला त्यात काही वाटलं नाही. त्या टोपीचे म्हातारे नेवाडात पैशाला पासरी.

मग ठसे दिसले.

ऑरिनच्या बुटांचे तळवे त्यानं स्वतः बसवलेले होते. जुन्या टायरचा तुकडा कापून, प्रत्येक टाचेत आठ खिळे ठोकून. उजव्या टाचेतला एक खिळा पडलेला. तसा दुसरा बूट जगात नव्हता. ओढ्याच्या एका वळणावर ओली वाळू होती, आणि तिथे ते ठसे उमटले होते. टायरच्या रेघा, डाव्या टाचेत आठ खिळे, उजव्या टाचेत सात.

ते बाहेरच्या दिशेनं चालले होते. आत जाणारा एकही नव्हता.

ऑरिननं शेजारी आपला पाय ठेवून उचलला. दोन्ही ठसे त्यानं पाहिले.

"चल, फिरू या मागे," लिनेट म्हणाली. का म्हणाली, तिला सांगता आलं नसतं.

"अडीच मैल आलोय. खडकातली ती कमान आणखी अर्ध्या मैलावर आहे, आणि तुझ्या आईला कमान बघायची होती." तो पुढे चालू लागला. मग म्हणाला, "तुला लेस्टरची गोष्ट सांगितली होती मी?"

"छत कोसळलं तो?"

"तोच. त्या दिवशी त्याला दुसऱ्या दारानं परस्पर घरी जायचं होतं. म्हणून वर येणाऱ्या एकानं त्याचा फळ्यावरचा बिल्ला आधीच 'बाहेर'ला लावला. मदत म्हणून. आणि पाळी संपता संपता छत आलं खाली. फळा म्हणतो सगळे बाहेर. मग खोदतो कोण? तिसऱ्या दिवशी त्याची बायको खाणीच्या दारात आली. 'खोदा,' एवढंच म्हणाली. खोदलं. तो आदल्या रात्रीपर्यंत जिवंत होता, डॉक्टर म्हणाला."

"बाई तीन दिवस थांबली कशाला?"

"आम्हीही विचारलं तिला. बोलली नाही." ऑरिननं पाण्याचा घोट घेतला. "बिल्ला मी लावला होता, लिनी. तुझ्या आईलाही हे माहीत नव्हतं."

लिनेटनं त्याच्या दंडाला धरलं. तिला बापाची फार दया आली. एवढं चाळीस वर्षं पोटात ठेवून हा माणूस रविवारी तिच्यासाठी धिरडी भाजत होता.

कमान सुंदर होती. त्यांनी सफरचंदं खाल्ली, यादीवर लिनेटनं शेवटची रेघ ओढली, आणि दोघं फेयच्या आठवणीत जरा वेळ बसले. दोनला परत निघाले. अर्ध्या तासात, खडकाच्या कमरेएवढ्या पायरीवरून उतरताना ऑरिनच्या पायाखालचा दगड निसटला. घोट्यातून आवाज आला तो लिनेटला दहा पावलांवरून ऐकू आला.

त्याचं वजन शंभर किलोच्या वर. तिनं उचलायचा प्रयत्न केला, दोनदा. मग फोन वर धरून फिरली. कड्यांच्या मध्ये आकाशाची पट्टी होती आणि फोनवर सिग्नलची एकही रेघ नव्हती. त्याला तिनं सावलीच्या कपारीत कसाबसा सरकवला. आपलं जाकीट, सगळं खाणं, चारातल्या तीन बाटल्या पाणी त्याच्याजवळ ठेवलं.

"दोन मैल आहे," ती म्हणाली. "तासाभरात बाहेर. रेंजर घेऊन येते."

"घाबरू नको. खाणवाल्याला कपारीत बसायची सवय असते." फिरायला निघताना फेय घालायची ती नारिंगी शिट्टी आज त्याच्या गळ्यात होती; ती काढून त्यानं दाताखाली धरून पाहिली. "दर दहा मिनिटांनी तीन वाजवीन. घड्याळ लावून. ऐकू येतंय तोवर समज म्हातारा ठीक आहे." मग त्यानं खिशातला बिल्ला तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटली. "हा दाखव त्यांना. म्हणावं, माणूस अजून आत आहे."

ती निघाली तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती. तीनला मागून तीन शिट्ट्या आल्या. तीन दहाला आल्या, तीन वीसला आल्या. ती वाळूत अर्धवट पळत होती, पडत होती, आणि दर दहा मिनिटांनी थांबून ऐकत होती. चारला शेवटच्या आल्या, अगदी बारीक. मग मैदान दिसलं. तिनं घड्याळ पाहिलं. चार दहा.

ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून ऑरिन बसला होता. सफरचंद खात होता.

"काय गं, वाट चुकलीस की काय?" तो म्हणाला. "मी म्हटलं, आता ही मला उपाशी..." तो मध्येच थांबला. जबडा स्थिर झाला, मान किंचित कॅन्यनकडे वळली. दोन-तीन श्वास तसेच गेले. "...उपाशी मारते. चल, भूक लागलीये."

लिनेट जागच्या जागी उभी राहिली. पेटीपाशी एक रेंजरबाई वही चाळत होती. छातीवर नाव होतं, इबारा. लिनेट तिच्याकडे धावली आणि सगळं एका दमात बोलली. घोटा, कपार, दोन मैल, माझे वडील.

इबारानं तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"ते कोण मग?"

"मला माहीत नाही."

"लिनी," मागून ऑरिन म्हणाला. तो फळीवरून उतरला, दोन्ही पायांवर, आणि चालत आला. टोपी तीच, हनुवटीवरचा दाढी करताना झालेला सकाळचा ओरखडा तोच. "अगं, उन्हात फार पळालीस. मी म्हटलं होतं ना, पाणी पी. अर्ध्या वाटेवर मी पुढे झालो, आठवतंय?"

"वहीत दोघंही बाहेर पडल्याची नोंद आहे," इबारा म्हणाली. तिनं वही लिनेटपुढे धरली. ४:१० लिनेटच्याच अक्षरात होतं. पुढे कुणीतरी सही केली होती. ऑरिन टॅकेट, टीची दांडी लांब ओढलेली, तो ओढायचा तशीच. सकाळी तिथे सही नव्हती.

लिनेटनं मूठ उघडून बिल्ला दाखवला. "हा त्यांनी मला दिला. आत. पाऊण तासापूर्वी नाही, सव्वा तासापूर्वी."

ऑरिननं खिशात हात घातला आणि आपला बिल्ला काढला. २१४.

"दोन असतात बाई," त्यानं इबाराला समजावलं. "एक अंगावर, एक फळ्यावर. खाणीतली पद्धत."

इबारा चांगली बाई होती. एवढं होऊनही ती लिनेटबरोबर आत आली, दिवा आणि औषधांची पेटी घेऊन. ऑरिन म्हणाला, मी इथे थांबतो, गुडघे दुखतात. पाच वीसला त्या कपारीपाशी पोचल्या. पायरी तीच होती, निसटलेला दगड तिथेच होता. कपारीत काही नव्हतं. जाकीट नाही, बाटल्या नाहीत. वाळू झाडून घेतल्यासारखी सपाट होती. लिनेटचे एकटीचे ठसे तिथून निघाले होते.

तेवढ्यात शिट्टी वाजली. तीन वेळा. पुढच्या वळणामागून.

"ऐकलंत?"

"पक्षी आहे," इबारा म्हणाली. "कड्यात घरटी करतात."

लिनेट धावली. वळणामागे रिकामा ओढा होता. तिनं हाका मारल्या, घसा फाटेस्तोवर. पाच तीसला शिट्टी त्याच्या पुढच्या वळणामागून आली. ती पुन्हा धावली. पाच चाळीसला त्याच्याही पुढून. तिथे इबारानं तिला गाठलं आणि दंड पकडला.

"अंधार पडतोय. मी तुम्हाला इथे सोडू शकत नाही."

"माझे वडील आहेत हो तिथे!"

"तुमचे वडील बाहेर तुमची वाट बघताहेत," इबारा म्हणाली, अगदी मायेनं. "शोधपथक बोलवायचं तर मला हरवलेल्याचं नाव सांगावं लागतं. मी काय सांगू? ऑरिन टॅकेट? ते विचारतील, मग ट्रकपाशी थांबलेत ते कोण?"

 इबाराच्या जागी लिनेट असती तर तिनंही हेच म्हटलं असतं.

पावणेसातला त्या बाहेर आल्या. रेंजरनं तिला मिठाचं पाणी पाजलं, तिच्या खिशातल्या किल्ल्या काढून ऑरिनला दिल्या, आणि त्यांची गाडी गेल्यावर फाटक बंद केलं. लिनेटनं दार उघडून उडी मारायचं मनात आणलं होतं. पण ती बिल्ला मुठीत धरून बसून राहिली.

तो बेतानं गाडी चालवत होता. डावा हात खिडकीवर, ऑरिन ठेवायचा तसा.

"लेस्टरचा बिल्ला कुणी लावला होता?" तिनं विचारलं.

"मीच. सकाळीच सांगितलं की तुला. पुन्हा वदवून घ्यायचंय?" त्याचा आवाज दुखावलेला होता, आणि तो दुखावला की असाच बोलायचा. "तुझ्या आईला मी ते सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती..."

तो थांबला. ओठ तसेच उघडे. दोन-तीन श्वास. गाडीतल्या घड्याळात सात वाजले होते.

"...म्हणाली असती, ऑरिन, देव बघून घेईल."

सात दहाला तो पुन्हा थांबला. तेव्हा तिला कळलं.

तो ऐकत होता.

इतक्या मैलांवरून, काचा बंद असताना, तो तीनही शिट्ट्या पुऱ्या होऊ देत होता आणि मग बोलत होता. म्हणजे वाजत होत्या. म्हणजे डॅड ठीक होता. तिला रडू फुटलं, आणि त्यात आनंदही होता, इतकी तिची गत झाली होती.

गावाजवळ फोनला रेघा आल्या. तिनं शेरीफच्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं, रेंजरशी बोलणं झाल्याचं सांगितलं, आणि म्हणाला, वडिलांकडे फोन द्या बरं. ऑरिन त्याच्याशी हसून बोलला. पोरीला ऊन लागलंय, आई गेली आहे नुकतीच, मी आहे तिच्याजवळ. जेऊ घालतो आणि झोपवतो.

लेस्टरची बायको तीन दिवस का थांबली, ते लिनेटला आता कळलं. तिच्याही घरी कुणीतरी जेवत होतं.

खाणावळीत टेबल राखून ठेवलेलं होतं. उशीर झाला तरी त्यांनी ते दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. वाढपिणीनं चेरी-पाय या भाजलेल्या गोड पदार्थात एक मेणबत्ती खोचून आणली, आणि शेजारच्या टेबलांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं चोरटे!" ऑरिन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "मला वाटलं, तू विसरलीस."

लिनेटचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळावर होतं. मुठीत बिल्ला होता. साडेसात झाले.

तो थांबला. पण लगेच बोलू लागला. या वेळी फार तर एक श्वास गेला असेल.

"एकच?" ती म्हणाली. "एकच वाजली?"

"काय एकच?"

"परत चल. डॅ..." तो शब्द तिच्या तोंडातून निघेना. "पाया पडते. तू कुणीही अस, पण परत चल. मी वहीतलं खोडते. फाडते ती वही."

"खा थोडं," तो म्हणाला.

तिनं वाढपिणीचा हात धरला. वाढपिणीनं ऑरिनकडे पाहिलं, ऑरिननं हळूच मान हलवली, आणि तिनं लिनेटचा हात थोपटून सोडवून घेतला.

सात पस्तीस.

सात अडतीस.

ऑरिन एका जुन्या चेरी-पायची गोष्ट सांगत होता. फेयनं लग्नानंतर पहिल्यांदा केलेला चेरी-पाय, साखरेऐवजी मीठ पडलेलं, आणि त्यानं तो तोंड वाकडं न करता अख्खा संपवलेला. लिनेटनं ती गोष्ट शंभरदा ऐकली होती. तो ती बरोबर सांगत होता. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मोठा काटा आठावर आला.

तो बोलत राहिला. मीठ, मग फेयचं रडणं, मग सासूबाईंचा टोमणा. एकदाही न अडता तो गोष्टीच्या शेवटापर्यंत गेला, आणि नेहमीच्या जागी हसला.

मग त्यानं तोंड पुसलं, खिशातून आपला बिल्ला काढून टेबलावर ठेवला, आणि तिच्यापुढे हात पसरला.

"आता तो दे," तो म्हणाला. "आता दोन्ही एकाच खिळ्याला."